ब्राउझर टेस्ट कंटेनरमध्ये: सेलेनियम की प्लेराइट?

इंदूरच्या विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलानं पोहे खाता खाता विचारलं, "दादा, टेस्ट लॅपटॉपवर चालतायत ना? मग डॉकरची भानगड कशाला?" प्रश्न रास्त आहे. ब्राउझर टेस्ट म्हणजे माणसाऐवजी कोडनं ब्राउझर चालवून साइट तपासणं, आणि डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन.

टेस्ट लिहिताना लॅपटॉपसारखं सुख नाही. ब्राउझर डोळ्यांसमोर उघडतो, चूक जागच्या जागी दिसते. सेलेनियम या टेस्टच्या साधनात ४.६ आवृत्तीपासून ड्रायव्हरही (कोड आणि ब्राउझरमधला दुवा) आपोआप उतरतो, त्यामुळे क्रोम अपडेट झाला की सकाळ वाया, हे दिवस बरेचसे सरले. अडतं ते चारजण झाल्यावर. एकाचा मॅक, दुसऱ्याचा विंडोज. दोन्हीकडे अक्षरं वेगळी उमटतात आणि स्क्रीनशॉट जुळवणाऱ्या टेस्ट उगीच लाल, म्हणजे नापास, होतात. कंटेनरमध्ये सगळ्यांना एकच वातावरण मिळतं. एकटे असाल आणि वीसेक टेस्ट असतील, तर कंटेनरच्या नादी लागू नका.

पुढे जायचंच असेल, तर निवड मुख्यतः दोघांत.

सेलेनियम २००४ पासूनचं जुनं खोड. जावा, पायथन, सी-शार्प, रुबी, काहीही चालतं. त्याच्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या तयार साच्यात) ब्राउझर असतो, टेस्ट नसते. टेस्ट बाहेरून ४४४४ पोर्टवर (कंटेनरच्या क्रमांकाच्या दारातून) त्याच्याशी बोलते. ७९०० पोर्ट उघडला की कंटेनरच्या आतला पडदा थेट दिसतो, आणि मला ही सोय फार आवडते. (पासवर्ड आधीपासून 'सीक्रेट' हाच असतो, तेव्हा तो पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका.) मात्र एका कंटेनरमध्ये मुळात एकच सेशन, म्हणजे एका वेळी एकच ब्राउझर, चालतं. समांतर टेस्ट हव्यात तर ग्रिड (अनेक कंटेनरांत टेस्ट वाटणारी व्यवस्था) उभी करा, नोड (त्यातले ब्राउझरचे कंटेनर) वाढवा, आणि रॅम संपताना बघा. व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठीही सहसा वेगळा कंटेनर लागतो.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० मध्ये आलेलं. इथे क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) तिन्ही एकाच इमेजमध्ये, आणि टेस्टही तिथेच चालते. ग्रिड नको, पोर्ट नको. टेस्ट पडली की ट्रेस, म्हणजे टेस्टची पायरीवार नोंद, उघडायचा: कुठल्या क्लिकला पान कसं होतं, कुठली रिक्वेस्ट अडकली, सगळं क्रमानं दिसतं. खोड एकच. इमेजची आवृत्ती आणि प्रोजेक्टमधल्या पॅकेजची आवृत्ती तंतोतंत जुळली पाहिजे. आमच्याकडे कुणीतरी पॅकेज वाढवलं, इमेज तशीच राहिली; 'ब्राउझर सापडत नाही' या एका ओळीपायी अर्धा दिवस गेला. आणि वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. खरी सफारी हवी तर मॅकच लागतो; ती कुठल्याच कंटेनरमध्ये येत नाही.

काही दुखणी मात्र दोघांना सारखीच. डॉकर कंटेनरला शेअर्ड मेमरी (ब्राउझरचे भाग मिळून वापरतात ती) मुळात ६४ एमबीच देतो, आणि जड पान उघडलं की क्रोम मध्येच कोसळतो. सुरू करतानाच ती २ जीबी करा. दुसरं दुखणं आम्हाला आठवडाभर छळून गेलं. इंदूर-पुणे बसच्या बुकिंगची टेस्ट दिवसा हिरवी, रात्री दोनला लाल. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. इथे रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, म्हणून टेस्ट 'आज' म्हणून कालची तारीख भरायची आणि साइट बरोबरच नकार द्यायची. टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, केला, प्रश्न मिटला. आपल्या हातानं डेबियनवर (एक लिनक्स) इमेज बांधणार असाल तर देवनागरी फॉन्टही आठवणीनं टाका. नाहीतर स्क्रीनशॉटमध्ये 'इंदूर'च्या जागी चौकोन येतात आणि टेस्ट तरीही हिरवी, कारण कोडमधला मजकूर बरोबर असतो.

माझं मत विचाराल तर नवं काम, छोटी टीम, जावास्क्रिप्ट किंवा पायथन जमत असेल, तर डोळे मिटून प्लेराइट. जावामध्ये चारपाचशे टेस्ट आधीच उभ्या असतील तर त्या मोडू नका. सेलेनियमच्या इमेजवर त्या जवळपास जशाच्या तशा चालतात, ड्रायव्हरऐवजी रिमोटचा, म्हणजे कंटेनरमधल्या ब्राउझरचा, पत्ता द्यायचा एवढंच. आम्ही दोन्ही ठेवलंय: क्लायंटच्या जुन्या टेस्ट सेलेनियमवर, नव्या प्लेराइटवर. सर्व्हर आठ जीबीचा एकच आहे, म्हणून एक रात्री दोनला लागतं आणि दुसरं चारला.