लाटांचा प्रोजेक्ट: रिपल टँक, लांब टाकी की स्पीकर?

माझी भाची बडोद्यात दांडिया बाजारात राहते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यावरच्या लाटा एकमेकींना भेटल्या की काय करतात, हा तिचा विषय. साधन कोणतं घ्यावं इथे गाडी अडलीये. तिन्ही प्रकार मी करून बसलोय, म्हणून हा पसारा.

रिपल टँक कॉलेजात बहुधा असतेच, त्यामुळे खर्च नाही. काचेच्या तळाची उथळ टाकी, वर दिवा, खाली पांढरा कागद. लाटेचा माथा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो आणि कागदावर उजळ पट्टे उमटतात. व्यतिकरण (लाटा एकमेकींत मिसळणं), विवर्तन (अडथळ्याच्या कडेने वळणं) झकास दिसतं. अपवर्तन (खोली बदलली की लाटेची दिशा बदलणं) हवं असेल तर बुडवलेल्या काचेवर जेमतेम दोन मिलिमीटर पाणी ठेवा, नाहीतर लाटेला खाली काच आहे हे कळतच नाही आणि आपण उगाच दिव्याला शिव्या घालतो. पण या लाटा इतक्या बुटक्या असतात की एकमेकींतून जशाच्या तशा निघून जातात. सूरसागर तलावात दोन खडे टाकले की दिसतं तेच. मार्क नक्की मिळतील, प्रश्न मात्र दुसऱ्या आठवड्यात संपेल.

लांब टाकीची गोष्ट वेगळी. १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात एक बोट थांबली, पण तिच्यापुढची पाण्याची एकटी उंच लाट पुढे निघून गेली आणि जॉन स्कॉट रसेल हा स्कॉटिश अभियंता घोड्यावरून तिच्या मागे लागला. ती लाट घरी करता येते. तीन मीटर लांब, पंधरा सेंटिमीटर रुंद टाकी, त्यात दहा सेंटिमीटर पाणी, म्हणजे ४५ लिटर. एका टोकाला फळी ढकलायची. बुटकी लांब लाट सेकंदाला साधारण ९९ सेंटिमीटर जाते, तीन सेंटिमीटर उंचीची ११३. समोरची भिंत आरशाचं काम करते: लाट तिथून परतते तेव्हा जणू स्वतःच्याच जुळ्या बहिणीशी तिची टक्कर होते. भिंतीपाशी उंची दुपटीहून किंचित जास्त भरते आणि परतायला लाट जराशी उशीर करते. हा खरा परस्परपरिणाम! पण उशीर मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये मोजक्या फ्रेमांचाच, आणि लाटच जवळजवळ मीटरभर पसरलेली, म्हणून तीन मीटर तोकडे पडतात. शिवाय गळती. माझ्या पहिल्या टाकीचा सांधा गच्चीवर सुटला आणि शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले सांडगे भिजले. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

राहिला स्पीकर. स्पीकरवर उथळ डबी घट्ट बसवायची आणि मोबाइलच्या टोन जनरेटरने (हवा तो सूर वाजवणाऱ्या अ‍ॅपने) डबी वरखाली हलवायची. १८३१ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने नोंदवलं की अशा लाटा हलवण्याच्या निम्म्या वारंवारतेने डोलतात. ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० हेलकावे) द्या, लाटा २० हर्ट्झच्या, लांबी (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत) सुमारे १२ मिलिमीटर. सेकंदाला २४० फ्रेमांवर चित्रण केलं तर नक्षी दर १२ फ्रेमांनी परत येते. ६ फ्रेमांनी आली तर समजा की फसलात: त्या डबीच्या कडेला पाणी वर चढून जे वळण होतं त्यातून निघालेल्या, हलवण्याच्याच वारंवारतेच्या गोल लाटा आहेत. डबी काठोकाठ भरली की त्या बऱ्याच कमी होतात. आवाज हळूहळू वाढवा. एका ठरावीक पातळीखाली काहीच नसतं, मग अचानक चौकटी उभ्या राहतात. चौकटी की पट्टे, हे लाटांच्या आपसातल्या ओढाताणीवर ठरतं. थोडं ग्लिसरीन घालून चिकटपणा वाढवला की नक्षी बदलते का, हाच प्रोजेक्ट झाला की! फक्त डबी साबणाने धुतलीत तर नळाखाली भरपूर खळाळा. साबणाचा अंश राहिला तरी पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण) घसरतो आणि लाटांची लांबी बदलते.

एकटीने, घरच्या टेबलावर करायचं असेल तर स्पीकरच. जोडीदार आणि तळमजल्यावर जागा मिळाली तर माझी जुनी टाकी घेऊन जा म्हटलंय तिला. सांधा तेवढा आधी बघ.