ऑम्नी कॅम्परचा गंज: एका पावसाळ्यानंतरचा हिशोब

गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून मारलेल्या काळ्या थराची, म्हणजे अंडरबॉडी कोटिंगची, वॉरंटी घेऊन गॅरेजमध्ये गेलो, तर मालकाने कागदाची मागची बाजू दाखवली: 'गंज असल्यास लागू नाही.' म्हणजे छत्री घ्या, फक्त पावसात उघडू नका! तिथे जे वाजायचं ते वाजलं. घरी येऊन स्क्रू ड्रायव्हरने तो काळा थर उचकटला, तर त्याच्यासोबत पत्र्याचे पापुद्रेच हातात आले. त्या माणसाला आता दमडीही द्यायची नाही, घरीच करायचं, हे तिथेच ठरलं.

गाडी म्हणजे मारुतीची ऑम्नी व्हॅन, रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असते, मागे झोपायला प्लायचा पलंग. ऑम्नी 2019 मध्ये बंद झाली, त्यामुळे आहे तीच टिकवायची.

आधी काळ्या कोटबद्दल, राग अजून उतरलेला नाही. कोरड्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर डांबरी कोट चालतो. पण गाडी नुसती धुऊन गंजावरच फवारला, की तो सुकून तडकतो, फटीतून खारं पाणी आत जातं आणि थराखाली मुक्कामाला बसतं. वरून चकचकीत, आतून चाळण. त्यात या लोकांनी दारांच्या तळाची पाणी निघायची भोकंही बुजवून टाकलेली. कंपनीने मुद्दाम ठेवलेली भोकं! सायकलच्या तारेने ती मोकळी केली, तर स्लायडिंग दारातून चॉकलेटी चिखल ओघळला. गाडी धुऊन आठवडा उलटला होता.

काम म्हणाल तर बहुतेक वेळ खरवडण्यातच गेला. ग्राइंडरला तारेचा ब्रश, डोळ्यांना गॉगल, आणि कमरेचं विचारू नका. मागच्या चाकांच्या कमानी कुजल्या होत्या, तिथे वेल्डरकडून नवा पत्रा. बाकी ठिकाणी फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा, टिकाऊ थर करणारं द्रावण), त्यावर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर आणि मग लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. आपल्याकडे लांबी सर्रास उघड्या पत्र्यावर ओढतात. ती पाणी पिते, म्हणून तिच्या खाली प्रायमर हवाच. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणारेही पाहिलेत. तो ओल अडवत नाही, वर रंग लागतोच.

रंग साधा पांढरा इनॅमल, फोमच्या रोलरने. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची चमक भारी, पण त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं आणि फवारताना साधा मास्क पुरत नाही. सोसायटीच्या अंगणात तो उद्योग नको. शिवाय मूळ रंग पांढराच, त्यामुळे आरसीत रंगबदलाची भानगड नाही. जवळून संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, हे खरं. गाडी समुद्रकिनारी लावायची आहे, लग्नात नाही.

कन्व्हर्टरला उन्हाळ्यात मी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. पावसाळ्यानंतर निम्मे कापतो. तो पातळ गंजावर काम करतो. सुटे पापुद्रे राहिले तर वरची साय काळी होते, खाली कारखाना चालूच. बिजागरीमागे ब्रश पोचला नव्हता, तिथून श्रावणातच तपकिरी ओघळ आले. उलट ज्याला मी चोचले समजत होतो, ते कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागांत मारायचं मेण, जिंकलं. बारीक नळीने दारांखालच्या पोकळ उंबऱ्यांच्या आत फवारायचं, ते सांध्यांत झिरपतं आणि मऊच राहतं, म्हणून तडकत नाही. छताच्या पन्हळीतला जुना सीलंट कोरून नवा भरला, तेव्हापासून पलंगाच्या डोक्याकडची गळतीही थांबली. सगळ्या खर्चात ही ट्यूब सर्वांत स्वस्त. काळ्या कोटवाल्याने पन्हळीकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं.

एक गोष्ट कॅम्परवाल्यांनी खास बघावी. रात्री दोघं आत झोपलो की सकाळी काचांवर पाणी असतं. तेच पाणी प्लायमागच्या पत्र्यावरही साचतं, फक्त दिसत नाही. म्हणून प्लाय आता पत्र्याला न चिकटवता थोडी फट ठेवून स्क्रूवर बसवलाय आणि खालची रबरी मॅट सुटी ठेवली आहे. प्रवासाहून आलं की मॅट दोरीवर, दारं उघडी. आणि मास्किंग टेप रंग मारला त्याच दिवशी काढा; उन्हात राहिली तर डिंक काचेवरून रॉकेलनेच निघतो.