डार्क कंपाउंड स्लॅब : चॉकलेटात बुडवलेल्या वड्यांसाठी घ्यावा का?

बेकिंगच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात, मग ते मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला असो की तालुक्याच्या गावी, ‘घरी चॉकलेट करायचीत’ म्हटलं की दुकानदार पुढ्यात ठेवतो तो ४०० किंवा ५०० ग्रॅमचा कंपाउंड स्लॅब, म्हणजे कोको बटरऐवजी (कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी) वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटची लादी. डार्क, मिल्क आणि व्हाइट असे तीन प्रकार. मोर्डेचा स्लॅब आपल्याकडे जवळपास सगळीकडे मिळतो, इतर कंपन्यांचेही असतात. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, डार्क कंपाउंड या मालाचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं : वडी, चिक्की, दाणे, सुकामेवा चॉकलेटात बुडवून गोळ्या करायच्या असतील तर तो कितपत चालतो?

आधी निकाल. आतला ऐवज कुरकुरीत असेल किंवा चावून खायचा असेल, तर डार्क कंपाउंड बिनधास्त घ्या. ऐवज मऊ असेल, तोंडात विरघळणारा असेल, तर त्याला कंपाउंड लावू नका. तिथे खऱ्या कोको बटरचं चॉकलेट, म्हणजे कुव्हर्चर, हवं.

याचं कारण पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं. यादीत पहिली साखर, मग हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, मग कोको पावडर. खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास झटकन वितळतं, म्हणून ते जिभेवर ठेवताच पाणी होतं. कंपाउंडमधलं वनस्पती तेल तितकं स्वच्छ वितळत नाही, टाळूला मेणासारखी पातळ साय राहते. चिक्कीबरोबर दात काम करत असतात, दाण्याचा खरपूसपणा आणि गुळाची चव पुढे असते, त्यामुळे ती साय जाणवतसुद्धा नाही. मऊ खजुरावर तोच लेप दिला की पहिल्या घासाला कळतं. ट्रान्स फॅटची धास्ती असेल तर एवढं लक्षात ठेवा : जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे. तरी पाकिटावरचा आकडा बघून घ्यावा.

पाकिटावर अजून एक गोष्ट बघायची : इमल्सिफायरपुढचे, म्हणजे घटक एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांपुढचे क्रमांक. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते सगळ्यांतच असतं. ४७६ असेल तर बुडवण्याच्या कामाला जास्त बरं. एरंडेल तेलातल्या आम्लांपासून बनणारा हा पदार्थ वितळलेल्या चॉकलेटला पातळ आणि वाहतं ठेवतो, म्हणून लेप सारखा आणि पातळ बसतो. केकवर घालायच्या चोकोचिप्स मात्र या कामाला आणू नका. भट्टीत आकार मोडू नये अशाच बेताने त्या बनवलेल्या असतात. वितळवल्या तरी घट्ट राहतात आणि वडीवर गोळे-गोळे बसतात.

मिल्क आणि व्हाइट कंपाउंडबद्दल थोडक्यात. आपल्या वड्या आधीच गोड, त्यावर हे दोन्ही आणखी गोड. शिवाय त्यांत दुधाची पावडर असते, ती उष्णतेने लवकर करपते आणि रवाळ होते. व्हाइट ४२ अंशांपुढे नेऊच नये. सजावटीच्या रेघा ओढायला ठेवा, लेपाला डार्कच.

वितळवणं

स्लॅब सुरीने बारीक चिरून घ्यायचा, बोराएवढे तुकडे चालतील, सुपारीएवढे नको. मोठे तुकडे वितळेपर्यंत कडेचं चॉकलेट जास्त तापतं. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि त्यावर काचेचं किंवा स्टीलचं भांडं असं बसवायचं की बूड पाण्याला टेकणार नाही. भांडं पातेल्याच्या तोंडापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने वर येऊन आत पडणार नाही. तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग सिलिकॉनच्या उलथन्याने हलक्या हाताने ढवळायचं. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळा, पुन्हा २०-३० सेकंद, ढवळा. वरून तुकडे जसेच्या तसे दिसले तरी आतून वितळलेले असतात. न ढवळता वेळ वाढवत गेलं की मधोमध करपतं, आणि करपलेल्या चॉकलेटला उपाय नाही.

वितळताना तापमान ४५ ते ५० अंश, बुडवताना ४० च्या आसपास. थर्मामीटर नसेल तर उलथन्याच्या टोकाचा थेंब खालच्या ओठाला लावून बघा. किंचित कोमट वाटला पाहिजे. चटका बसला तर थांबा, गार लागला तर भांडं पुन्हा गरम पाण्यावर मिनिटभर ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा पाण्याचा. ओला चमचा, झाकणावरून ठिबकलेला वाफेचा थेंब, नीट न पुसलेलं भांडं, आणि चकचकीत वाहणारं चॉकलेट बघता बघता ओल्या मातीसारखं घट्ट होतं. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे कण चरबीत सुटे सुटे तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होऊन चिकटते आणि कण एकमेकांना धरतात. असं झालं की ते बुडवायच्या कामातून गेलं. टाकून देऊ नका, गरम दूध घालून ढवळलं तर पुन्हा मोकळं होतं आणि आइस्क्रीमवर घालायचा छान सॉस होतो. याच कारणाने व्हॅनिलाचं द्रव इसेन्स, पाण्यातले खायचे रंग, मध यांतलं काहीही लेपात घालायचं नाही. रंग हवा तर तेलातला किंवा पावडरचा.

लेप जाड वाटला तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं रिफाइंड तेल पुरतं. दोन चमचे घातले की लेप मऊ पडतो, बोटांना लागतो. लोणी-तूप नको, लोण्यात पाणी असतं आणि तुपाचा वास चॉकलेटवर मात करतो.

एक सल्ला सर्रास दिला जातो : चव सुधारावी म्हणून अर्धं कंपाउंड आणि अर्धं खरं चॉकलेट मिसळा. हे करू नका. कोको बटर आणि कंपाउंडमधलं पाम कर्नल तेल एकमेकांत मिसळलं की दोघांचंही घट्ट होणं बिघडतं. लेप लिबलिबीत राहतो आणि काही दिवसांत त्यावर पांढुरकी झाक येते. भांडी आणि उलथनीसुद्धा दोन्हींसाठी वेगळी किंवा स्वच्छ पुसलेली हवीत.

कशावर कसं बसतं

पहिल्यांदा करणाऱ्याने सुरुवात दाण्यांपासून करावी, त्यात बुडवायचं कौशल्यच लागत नाही. २०० ग्रॅम कंपाउंडला २०० ते २५० ग्रॅम खमंग भाजून सालं काढलेले शेंगदाणे आणि पाव चमचा बारीक मीठ. दाणे पूर्ण गार झालेले हवेत. सगळं कालवून दोन-दोन चमच्यांचे ढीग बटर पेपरवर घालायचे. मीठ टाळू नका, डार्क कंपाउंडचा बोथट गोडवा त्यानेच कमी होतो.

चिक्कीवर कंपाउंड सगळ्यात शोभून दिसतं. चिक्की गरम असतानाच इंचभराचे चौकोन पाडून घ्यायचे, गार झाल्यावर कोरड्या ब्रशने भुगा झटकायचा. भुगा चॉकलेटात पडत गेला की दहाव्या वडीपर्यंत लेप खरखरीत आणि जाड होतो. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, पावसाळ्यात उघडी चिक्की चिकट होते ती त्यामुळे. म्हणून चिक्की अर्धवट बुडवायची नाही, सहाही बाजूंनी झाकली गेली पाहिजे. टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी चार दिवसांत तिथून पाक पाझरतो आणि वडीखाली तपकिरी ठिपका दिसतो. वडी कागदावर ठेवली की उलटून तळ एकदा तपासा, भोकं बहुधा तिथेच असतात.

आलेपाक आणि डार्क चॉकलेट ही जोडी लोकांनी जास्त करायला हवी. आल्याचा झणका कंपाउंडच्या सपाट चवीला धार देतो. पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा, वरचे साखरेचे कण झटका, आणि आलेपाक आतून ओलसर असेल तर रात्रभर जाळीवर उघडा वाळवा. आंबापोळीच्या पट्ट्याही अशाच, फक्त त्या अर्ध्याच बुडवाव्यात. केशरी अर्धा भाग दिसतो छान आणि आंबापोळी कोरडी असल्याने उघडी राहिली तरी बिघडत नाही.

खोबऱ्यासाठी ओलं खोबरं नको, लेपाच्या आत ते लवकर आंबतं. २०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याच्या पांढऱ्या किसात १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क मळून १२-१२ ग्रॅमचे गोळे करा, २८-२९ होतात. चार-पाच तास उघडे ठेवून वरची कातडी कोरडी होऊ द्या. गोळे मऊ वाटतात म्हणून थेट फ्रिजमधून काढून बुडवण्याचा मोह होतो, आणि तिथेच फसतं. गार गोळ्यावर लेप क्षणात, जाड आणि मॅट बसतो. मग आतला गोळा खोलीच्या उष्णतेने फुगतो, वरचं कवच आवळत असतं, आणि तासाभरात उभी चीर पडते. फ्रिजमध्ये ठेवलेच तर बुडवण्याआधी बाहेर काढून १५-२० मिनिटं थांबा आणि दव पुसून घ्या.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला कंपाउंड चालतं, पण धुतल्यावर कापडाने पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी केली तरच, आणि त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशी लेपाखाली पाणी सुटलेलं असतं.

खजुराला मात्र कुव्हर्चर. ३०० ग्रॅममधलं २०० ग्रॅम ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवायचं, उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घालत ३१-३२ अंशांवर आणायचं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत चमकदार घट्ट झालं तर जमलं, रेघारेघा दिसल्या तर पुन्हा पहिल्यापासून. पण ही परीक्षा २०-२२ अंशांच्या खोलीत लागू पडते. मे महिन्यात बिनएसीच्या स्वयंपाकघरात कुव्हर्चर घट्टच होत नाही, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत काढावं. कंपाउंडला टेम्परिंगची, म्हणजे असं वितळवून ठरावीक अंशांवर आणण्याची, ही कटकट नाही, ३० अंशांच्या खोलीतही ते निमूट घट्ट होतं. त्याची किंमत मोजावी ती याचसाठी.

बुडवताना

२०० ग्रॅमपेक्षा कमी वितळवू नका, भांड्यात वडी बुडेल एवढी खोली राहत नाही. रुंद ताटलीपेक्षा उभट वाडगा चांगला. बुडवायचा काटा विकत मिळतो, नसेल तर प्लास्टिकच्या काट्याचे मधले दोन दाते मोडून टाका, उत्तम चालतं. वडी टाका, उलटा, काट्यावर उचला, काटा वाडग्याच्या कडेवर पाच-सहा वेळा आपटा, तळ कडेला पुसा आणि मग कागदावर सरकवा. आपटायचा कंटाळा केला की प्रत्येक वडीभोवती चॉकलेटचं थारोळं साचतं. वरून तीळ किंवा पिस्त्याचे काप घालायचे तर दर तीन-चार वड्यांनंतर, कारण लेप मिनिटभरात सुकतो.

घट्ट व्हायला फ्रिजमध्ये आठ-दहा मिनिटं पुरे. तासभर ठेवून बाहेर काढल्या की दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरे डाग उरतात. ठेवायच्याच असतील तर बंद डब्यात, आणि डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

१२-१३ ग्रॅमच्या वडीला नीट आपटून घेतलं तर सहा-सात ग्रॅम लेप लागतो. म्हणजे ४०० ग्रॅमच्या स्लॅबमध्ये ४५ ते ५० वड्या होतात आणि तळाशी ५०-६० ग्रॅम उरतं, कारण शेवटचं बुडवता येत नाही.

उघडलेला स्लॅब घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा, पण मसाल्याच्या कपाटात नको. चरबी वास धरते आणि हिंगाचा वास लागलेलं चॉकलेट दुरुस्त होत नाही. स्लॅबवर पांढरट झाक दिसली तर ती बुरशी नाही, चरबी वर आलेली असते. वितळवलं की जाते.

तळाशी उरलेल्या त्या ५०-६० ग्रॅममध्ये वाटीभर कुरकुरीत भाजलेले कुरमुरे टाका, भांडं पुसून निघेल असं कालवा आणि चमच्याने कागदावर घाला. दहा मिनिटांत तेही खायला तयार.