‘द हॉबिट’ : पाच महिने मोठ्याने वाचल्यानंतर

‘द हॉबिट’ ही टोल्किन यांची इंग्रजी कल्पनारम्य कादंबरी. हॉबिट या बुटक्या, घरप्रिय जमातीतला बिल्बो तेरा ड्वार्फ (दाढीवाल्या ठेंगू लोकां)बरोबर त्यांचा डोंगरातला खजिना ड्रॅगनकडून परत मिळवायला निघतो, त्याची ही गोष्ट. हे पुस्तक घाईने संपवण्यात काही मजा नाही. एकूण १९ प्रकरणं आहेत. नुसतं इंग्रजी मोठ्याने वाचलं तर साधारण ११ तास लागतात. मुलांसाठी मध्ये थांबून मराठीत सांगत गेलं तर जवळजवळ दुप्पट. आठवड्याला एक प्रकरण ठेवावं. पहिलं, सातवं आणि आठवं दोन-दोन भागांत तोडावं आणि सगळ्यांत छोटं सोळावं पंधराव्याला जोडावं. पाच महिन्यांत पुस्तक नीट पचतं.

प्रत घेताना आधी नकाशे तपासा. दोन हवेत, थ्रोरचा (ड्वार्फांचा म्होरक्या थोरिन याच्या आजोबांचा, खजिन्याच्या डोंगराचा) आणि वाइल्डरलँडचा (गोष्टीतल्या सगळ्या मुलखाचा). स्वस्त प्रतींत आणि फोनवर थ्रोरच्या नकाशावरची अक्षरं वाचता येत नाहीत, आणि तिथेच खरं नुकसान होतं. ती रून ही जुनी युरोपीय लिपी आहे, पण भाषा इंग्रजीच आहे. एकेक खूण लावत गेलं की दहा वर्षांचं मूलसुद्धा डोंगरातल्या गुप्त दाराची उंची पाच फूट आहे, हे स्वतः शोधून काढतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. या नकाशात वरची बाजू पूर्व आहे, म्हणजे उत्तर डावीकडे येते. हे न सांगितल्यास अकराव्या प्रकरणात गुप्त दार कुठल्या अंगाला, यावर सगळे गोंधळतात.

आता बिल्बो. पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी, घरकोंबडा. टोपी, काठी, पैसे, रुमाल काही न घेता तो घरातून धावत सुटतो, कारण ड्वार्फ मंडळींनी दिलेल्या अकराच्या वेळेला फक्त दहा मिनिटं उरलेली असतात. दुसरी न्याहारी अर्धवट टाकलेली. पहिल्यांदा वाचताना हे विनोदी वाटतं. पुन्हा वाचताना दिसतं की टोल्किन यांनी इथे संपूर्ण गोष्टीचा हिशोब मांडून ठेवला आहे. मुलांना एक काम द्या. बिल्बोला घर, शेकोटी आणि चुलीवरची किटली किती वेळा आठवते, त्याच्या खुणा पेन्सिलीने करत जायच्या. त्या खुणा शेवटपर्यंत थांबत नाहीत. घराची ओढ सोडून तो शूर होत नाही, ती ओढ बरोबर घेऊनच तो पुढे जातो. आणि संकटात त्याच्या कामी येतं ते घरात बसून कमावलेलं शहाणपण: कोडी, गोड बोलणं, पाहुण्याशी वागण्याची रीत, सौद्यातली अक्कल. तलवार त्याच्याकडे आहे, पण ड्रॅगनला मारणारा बार्ड नावाचा तिरंदाज आहे आणि मोठ्या लढाईत बिल्बो डोक्याला दगड लागून बेशुद्ध पडलेला असतो. ज्यांना तलवारबाज नायक हवा असतो ते इथे नाराज होतात. त्यांना बाराव्या प्रकरणातल्या बोगद्यापाशी थांबवा. ड्रॅगनच्या घोरण्याचा आवाज ऐकून बिल्बो क्षणभर थबकतो आणि मग एकटाच पुढे जातो. लेखक त्यालाच त्याचं सर्वांत मोठं धैर्य म्हणतो, आणि ड्रॅगन अजून नजरेलाही पडलेला नसतो.

मराठीत सांगताना पहिली ठेच जादूगार गँडाल्फला बिल्बो म्हणतो त्या ‘गुड मॉर्निंग’ला लागते. बिल्बो आधी ते स्वागत म्हणून वापरतो आणि नंतर पाहुण्याला कटवण्यासाठी. ‘सुप्रभात’ने काहीच साधत नाही. आपल्याकडे मात्र ‘या’ आहे. ‘या, या’ म्हणजे स्वागत आणि ‘बरं, या मग’ म्हणजे निघा. तो वापरला की प्रसंग लगेच जिवंत होतो. गँडाल्फ बिल्बोच्या आजोबांच्या ओळखीचा, म्हणून तो बिल्बोला ‘तू’ म्हणेल आणि बिल्बो त्याला ‘तुम्ही’. स्मॉगशी, म्हणजे त्या ड्रॅगनशी, बोलताना बिल्बोच्या तोंडी ‘आपण’च हवं, कारण तिथे तो जीव मुठीत धरून स्तुती करतो आहे. ट्रोल या धिप्पाड राक्षसांना गावंढळ बोलायला लावायचा मोह होतो, पण कुठल्याही एका जिल्ह्याची बोली त्यांच्या तोंडी घालू नका, ऐकणाऱ्यांत कुणाचं तरी आजोळ तिथलं असतं. अंधाऱ्या गुहेतल्या गॉलमच्या ‘माय प्रेशस’साठी ‘माझ्या सोन्या’ फार चांगलं बसतं. त्यात लाडही आहे आणि त्याची जादूची अंगठीही.

पाचव्या प्रकरणाला, म्हणजे बिल्बो आणि गॉलमच्या कोड्यांच्या सामन्याला, भरपूर वेळ द्या. दातांच्या कोड्यात पांढरे घोडे तीसच ठेवा. बत्तीस म्हटलं की मराठी मूल लगेच उत्तर देऊन मोकळं होतं. डेझीवर पडलेल्या उन्हाचं कोडं मराठीत चालतच नाही, कारण त्या फुलाचं इंग्रजी नावच ‘दिवसाचा डोळा’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं आहे. ते सरळ समजावून पुढे जा. गॉलमच्या शेवटच्या कोड्यात बिल्बो घाबरून ‘वेळ! वेळ!’ ओरडतो आणि तेच उत्तर ठरतं. इथे मराठी इंग्रजीइतकीच चपखल बसते. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो. आजचं रूप १९५१ च्या आवृत्तीत आलं. घरात त्याआधीची प्रत सापडली तर रद्दीत देऊ नका.

तेरा ड्वार्फ लक्षात राहत नाहीत, ही पुस्तकाची खरी अडचण आहे. थोरिन, बालिन, फिली-किली आणि जाडा बोंबूर एवढ्यांनाच वेगळा आवाज द्या. पहिल्या प्रकरणात हे तेरा जण १, १, २, ५, ४ असे बिल्बोच्या दारात येतात, ती मोजणी मुलांकडून करून घ्या. म्हणजे सातव्या प्रकरणात अस्वलाचं रूप घेणाऱ्या बेऑर्नच्या घरी गँडाल्फ पाहुणे थोडे-थोडे आणण्याची तीच युक्ती मुद्दाम करतो, हे त्यांना आपोआप उमगतं. दुसरी उणीव, गोष्टीत बोलणारं एकही स्त्रीपात्र नाही. मुली ते विचारतात, आणि विचारावंच.

स्मॉग चौदाव्या प्रकरणात मरतो आणि पुढे लक्ष उडतं, कारण बिल्बो बाजूला पडून वाटाघाटी सुरू होतात. तिथे एकच धागा घट्ट धरा. सरोवरावरचं गाव का जळालं? बिल्बोने स्मॉगसमोर स्वतःला ‘पिंपावर बसून आलेला’ म्हणवून घेतलं, त्यावरून ड्रॅगनने त्या गावच्या लोकांना मदतनीस धरलं. पोरांना ही चूक कळली की सोळाव्या प्रकरणात बिल्बो अर्कनस्टोन, म्हणजे थोरिनचं सर्वांत लाडकं रत्न, शत्रूच्या हाती का देतो, हेही कळतं.

एकोणिसावं प्रकरण गुंडाळू नका. बिल्बो परततो तेव्हा त्याच्याच सामानाचा लिलाव चाललेला असतो. बरंचसं त्याला पैसे देऊन परत घ्यावं लागतं आणि चांदीचे कितीतरी चमचे परत मिळतच नाहीत. वाटेत तो तोंड पुसतो तो रुमाल प्रवासातला यजमान एलरॉन्ड याच्याकडून मागून घेतलेला असतो. इथे मुलांना पहिल्या प्रकरणाचं पान पुन्हा उघडायला लावा, आणि मग याच प्रकरणातलं चुलीवरच्या किटलीचं वाक्य वाचा.