छोट्या रिव्हॉल्व्हरची ग्रिप बदलताना: रबर, लाकूड, जी-10 आणि लेझर

जे-फ्रेम, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या छोट्या चौकटीच्या रिव्हॉल्व्हरची ग्रिप (मुठीवरचं आवरण) लोक बहुतेक वेळा धक्का कमी बसावा म्हणून बदलतात. पण नवी ग्रिप चढवली की सगळ्यात आधी बदलतं ते बोटापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, आणि नेमाच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 642 रिकामं असताना सुमारे 410 ग्रॅमचं असतं आणि त्याचा ट्रिगर ओढायला पाच किलोहून जास्त जोर लागतो. इतक्या हलक्या हत्यारावर इतका जड ट्रिगर असला की बोट जरा चुकीच्या जागी पडलं तरी नळी बाजूला सरकते.

म्हणून खरेदीआधी हात तपासा. सिलिंडर उघडून पाचही खाने रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहून घ्या. मग नळी मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत येईल अशी मूठ आवळा आणि तर्जनी ट्रिगरवर ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी किंवा तिच्यामागची रेघ ट्रिगरवर आली तर अंतर बरोबर. फक्त टोक पोहोचत असेल तर मागून उघडी ग्रिप हवी, म्हणजे जिच्यात फ्रेमचा मागचा धातू थेट तळहाताला लागतो. बोट पेराच्या रेघेपलीकडे जात असेल तर बॅकस्ट्रॅप, म्हणजे हाच मागचा धातू, झाकणारी ग्रिप घ्या. मागे चढणारा रबराचा थर काही मिलिमीटरचाच असतो, पण एवढ्या छोट्या फ्रेमवर तेवढ्याने सगळं बदलतं.

642 सारख्या अनेक मॉडेलवर कारखान्यातूनच रबराची बूट ग्रिप येते. बूट म्हणजे फ्रेमच्या बुडाखाली न उतरणारी आखूड ग्रिप. हा आकार क्रेग स्पेगल यांनी लाकडात घडवला आणि अंकल माइक्सने तो रबरात आणून घरोघरी पोहोचवला. लपवायला याहून चांगला आकार आजही नाही. कपड्यांवर उठून दिसतो तो सिलिंडर नव्हे, बटाचा, म्हणजे मुठीच्या बुडाचा, खालचा कोपरा. बूट ग्रिपमध्ये तोच कोपरा गोल आणि आखूड असतो. किंमत मोजावी लागते ती करंगळीला, कारण तिला पकडायला काही उरत नाही. करंगळी बटाखाली दुमडून ठेवायची सवय लावली की पकड बऱ्यापैकी स्थिर होते. ती हवेत लोंबकळत ठेवली तर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला मूठ खाली घसरलेली असते.

मागून झाकलेल्या मऊ ग्रिपमध्ये होगची मोनोग्रिप आणि पॅकमायरच्या जाड रबराच्या ग्रिप सगळ्यांना माहीत आहेत. जोरदार काडतुसं झाडणाऱ्याला यांच्याइतका आराम दुसऱ्या कशात मिळत नाही. मॉडेल 340 पीडी साडेतीनशे ग्रॅमच्याही आतलं आणि .357 मॅग्नमचं, त्यावर उघड्या पाठीची कडक ग्रिप लावून सराव करणं म्हणजे अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखवून घेणं. पण मऊ रबराचा एक दोष दुकानात कळतच नाही. रबर कापडाला धरून ठेवतं. खिशात ठेवायचं असेल तर बाहेर काढताना अस्तर सोबत येतं, आणि सदऱ्याखाली असेल तर सदरा ग्रिपवर अडकून राहतो आणि त्या जागी फुगवटा दिसतो. कमरेच्या होल्स्टरसाठी आणि सरावासाठी रबर उत्तम. खिशासाठी आमचा कौल त्याला नाही.

तीन बोटांची लांब ग्रिप हातात घेताच आवडते.  मात्र ती लावली की दोन इंची नळीच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा मुख्य फायदाच जातो. मॉडेल 36 सारखं पोलादी, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर नेमबाजीच्या मैदानावर वापरायचं असेल तर जरूर घ्या. बोटांसाठी खाचा असलेली लांब ग्रिप मात्र आपल्याच हाताला बसते का हे पाहून घ्या. खाचेचा उंचवटा नेमका बोटाखाली आला तर मूठ वर चढवून धरता येत नाही, आणि धक्का हाताबाहेर जातो तो त्यामुळेच.

खिशासाठी लाकूड किंवा जी-10. दोन्ही गुळगुळीत असल्याने कापडातून सहज निघतात. लाकूड दिसायला सुंदर, पण तेल पिऊन फुगतं आणि स्क्रू जास्त आवळला की फ्रेमच्या खुंटीच्या भोकापाशी तडकतं. जी-10 म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचे दाबून बसवलेले थर. त्याला घाम, तेल, उन्हाचं काही वाटत नाही. खडबडीत जाळी कोरलेली जी-10 घेऊ नका. पकड लोखंडासारखी मिळते, पण दिवसभर अंगाला घासली की कातडी आणि सदऱ्याचं अस्तर दोन्ही सोलून निघतं. उथळ रेघा पुरतात. घरी घासणार असाल तर तोंडाला मास्क लावा आणि पॉलिश कागद ओला करून वापरा, कारण जी-10ची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

जुन्या लाकडी सर्व्हिस पट्ट्या, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंना बसणाऱ्या पातळ फळ्या, आवडत असतील तर टायलर टी-ग्रिपचा विचार करा. पट्ट्यांखाली अडकणारा हा धातूचा छोटा तुकडा ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) मागची पोकळी भरतो. त्या पोकळीत मधलं बोट वर सरकतं आणि गोळी सुटताना गार्डची कड त्याच्या सांध्यावर आपटते. ते थांबतं आणि बटाची लांबी वाढत नाही.

क्रिमसन ट्रेसच्या लेझर ग्रिपमध्ये हे दोन नमुने पाहा: एलजी-105 कडक, आखूड आणि मागून उघडी, एलजी-405 मागून झाकलेली, बॅकस्ट्रॅपवर हवेची पोकळी असलेली. बटण मधल्या बोटाखाली असल्याने मूठ आवळताच लेझर लागतो. तर्जनी फ्रेमला समांतर ताठ ठेवली की किरण तिच्याच आड येतो. बोट जरा खाली ठेवायची सवय करावी लागते. बॅटरी वर्षातून एकदा न विसरता बदला.

कोणतीही ग्रिप घ्या, डाव्या पट्टीचा वरचा भाग बारकाईने पाहा. तिथे पुरेसा उतार नसेल तर एजेक्टर रॉड (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी) दाबल्यावर डावीकडच्या रिकाम्या पुंगळ्या ग्रिपला टेकून अडकतात आणि स्पीडलोडर, म्हणजे सगळी काडतुसं एकदम भरणारं साधन, सरळ बसत नाही. तपासणी डमी काडतुसांनी आणि आपल्याच स्पीडलोडरने करा, कारण एचकेएस आणि सफारीलँडचे लोडर वेगवेगळ्या जाडीचे असतात. लाकडात थोडं घासून जागा करता येते. लेझर ग्रिपमध्ये नाही.

मापाचं म्हणाल तर आजच्या सगळ्या जे-फ्रेम गोल बटाच्या आहेत, पण जुन्यांत चौकोनी बटही सापडतात आणि दोघांच्या पट्ट्या एकमेकांना चालत नाहीत. टॉरस कंपनीची 85 दिसायला तशीच. तिला जे-फ्रेमची ग्रिप बसत नाही. रुगर एलसीआरमध्ये तर पूर्ण फ्रेमऐवजी आत नुसती खुंटी असते, त्यामुळे तिची ग्रिप सर्वस्वी वेगळी.

जुनी पट्टी कधीही कडेत पेचकस घालून उचकटू नका, फ्रेमवर ओरखडा हमखास येतो. स्क्रू तीन-चार आटे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर पेचकसाची प्लॅस्टिकची मूठ हलके ठोका. समोरची पट्टी आपोआप सुटते. स्क्रूच्या खाचेत बरोबर मावणारं, समांतर कडांचं पातं वापरा. मोनोग्रिपला आधी आतली धातूची कडी फ्रेमच्या खुंटीवर अडकवावी लागते, मग रबर वर सरकवून खालून स्क्रू. कडी नीट बसली नसेल तर स्क्रू आटा पकडतच नाही. तेव्हा जोर लावू नका, रबर काढून पुन्हा सुरुवात करा.

बसवून झाल्यावर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सावकाश ट्रिगर ओढत पाचही खाने फिरवून बघा. जे-फ्रेमची मुख्य स्प्रिंग गुंडाळीची असते आणि मुठीतच बसते. ग्रिपचा आतला भाग तिला घासला तर ट्रिगर मध्येच जड लागतो, किंवा हॅमर पूर्ण जोराने पडत नाही आणि काडतूस पेटत नाही. आत चमकणारा घासल्याचा डाग दिसेल, तिथलंच थोडं खरवडा. पहिल्या सरावानंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तरीही तो सुटत राहिला तर जांभळं लॉकटाइट 222 (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) टाचणीच्या टोकाएवढं लावा. लाल अजिबात नको, स्क्रू पुन्हा निघणार नाही. रबराची ग्रिप अंगालगत वागवत असाल तर ती महिन्यातून एकदा काढा, कारण घाम तिच्याखाली साठतो आणि पोलादी फ्रेमवर गंज नेमका न दिसणाऱ्या जागी चढतो. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, आणि लाकडी पट्ट्या परत लावणार असाल तर तेवढंही तेल पुसून घ्या.