साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये उघडणारी '१०० जीबी'ची डिस्क

३,४२,८४९ रुपये. एवढे मोजून मी बाजारात वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या डीव्हीडींचा ढीग विकत घेतला आणि वर तो कुलूपबंद कपाटात जपून ठेवला. भोसरी एमआयडीसीत माझं गिअर कटिंगचं युनिट आहे. 'सर्व्हरचा बॅकअप आर्काइव्हल (वर्षानुवर्षं जपायच्या) डिस्कवर घेऊन देतो' म्हणणारं कोणी तुमच्या दारात आलं असेल तर हे वाचूनच चेकवर सही करा.

पद्धत तुमच्या ओळखीचीच आहे, आधी घाबरवायचं आणि मग वार्षिक करार पुढे करायचा. शेजारच्या गाळ्यात रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, येऊन गेलं होतं, त्यामुळे घाबरवायला फार कष्टही पडले नाहीत. बॅकअपवाल्या कंपनीचा मुलगा म्हणाला, "एकदा लिहिलेली डिस्क कोणी पुसू शकत नाही, काका. आणि ती कपाटात असेल तर व्हायरस पोचणार कुठून?" यात खोटं काय आहे सांगा? आजही हे शंभर टक्के खरं आहे. म्हणून तर पटलं.

मार्च २०२४ पासून करार. वर्षाचे ८४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९,१२०. शिवाय दर महिन्याला १०० जीबीच्या तीन ब्लू-रे डिस्क (दिसायला डीव्हीडीसारख्याच, पण मावतं कितीतरी जास्त), एक २,१५० ला, करासकट ७,६११. पुढच्या वर्षी रिन्यूअलला मी थोडा घुटमळलो, तर तोच मुलगा म्हणाला, "सोनीने फेब्रुवारीत लिहायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं, आता माल मिळणं अवघड." बातमी खरी निघाली. परत ९९,१२०. दोन करार आणि एकोणीस महिन्यांची बिलं, वरचा आकडा असा झाला.

आता जे आठवून अजून झोप उडते ते. तो मुलगा यायचा, त्याचा बाहेरून जोडायचा रायटर (डिस्क लिहिणारा ड्राइव्ह) लावायचा आणि चहा-पोहे होईपर्यंत तिन्ही डिस्क तयार. फार तर चाळीस मिनिटं. चार एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट वेगाने, १०० जीबीची एक डिस्क लिहायलाच दीड तास लागतो, आणि लिहिलेलं पडताळायला वेगळा वेळ. म्हणजे तीन डिस्कना आख्खा दिवस हवा. मी उलट खूश, पोरगं चटपटीत आहे म्हणून!

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट दुसरीच. एकदा अकाउंट्सच्या मॅडमनी शंका म्हणून एक डिस्क त्यांच्या जुन्या पीसीत घातली. ड्राइव्ह घरघरला, विंडो उघडली. टॅलीचं फोल्डर, ड्रॉइंग्जचं फोल्डर, सगळ्यांची नावं जागच्या जागी. "चालतेय सर," त्या म्हणाल्या, आणि आम्ही निर्धास्त झालो. त्या पीसीत साधा डीव्हीडी ड्राइव्ह आहे. ब्लू-रे डिस्क त्यात उघडूच शकत नाही, तिला निळ्या लेझरचा ड्राइव्ह लागतो. ती उघडली हाच तर ती नकली असल्याचा पुरावा होता, आणि आम्ही त्याला खात्री समजलो. पण मी गिअर कापणारा माणूस, लेझरचा रंग मला कोण सांगणार? ते कळावं म्हणूनच तर त्याला वर्षाला ८४,००० देत होतो ना?

ऑक्टोबर २०२५ मध्ये रॅन्समवेअर आमच्याकडेही आलं. सर्व्हर गेला, त्याच नेटवर्कवरचा नॅस, म्हणजे फाइली साठवायचा डबा, तोही गेला. कपाट उघडलं. सोनेरी लेबल, त्यावर '१०० जीबी', सिरियल नंबर, १/३, २/३, ३/३. तिन्हींत तोच मजकूर: टॅलीचं एकच जुनं फोल्डर, थोडी ड्रॉइंग्ज, आणि बाकीची फोल्डरं रिकामी. डिस्क उलटी करून उजेडात धरली तर डीव्हीडीची जांभळट झाक. तुमच्याकडे असतील तर आत्ता उठा आणि तेवढं तरी बघा. इमेजबर्न (ImgBurn) सारखं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्क कुठल्या जातीची आहे ते सांगतं. लेबलवर काय वाटेल ते छापता येतं.

पोलीस चौकीत साहेबांनी डिस्क हातात घेऊन फिरवली. "डिस्क दिल्यात ना त्याने? बिल आहे, जीएसटी आहे. मग फसवणूक कुठं झाली?" भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, मीच त्यांना सांगितलं. मग म्हणे हे सिव्हिल मॅटर, सायबर पोलिसांकडे जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर ऑनलाइन व्यवहाराचा नंबर मागितला. मी चेकने पैसे दिलेत! सायबरवाले रॅन्समवेअरची तक्रार घेतात, डिस्कची नाही, तिच्यासाठी परत चौकी. चौकीत आता तज्ज्ञाचा अहवाल हवा. कोणाचा? "ते तुम्ही बघा." एक डिस्क नमुना म्हणून ठेवून घेतली, पोच मात्र दिली नाही. (तुम्ही पोच घेतल्याशिवाय काहीही देऊ नका.) ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतात, २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक म्हणून दाद नाही, स्वतःच्या उपजीविकेपुरता धंदा असेल तरच, आणि माझी तर प्रायव्हेट लिमिटेड. म्हणजे धंदा करतो म्हणून कर भरायचा, आणि धंदा करतो म्हणूनच तक्रार करायची नाही. तिकडे कंपनी कायदा आठ वर्षांचे हिशेब जपायला सांगतो. जपले होते साहेब, कपाटात!

करारात लिहून घ्या: दर तिमाहीला आम्ही निवडू ती फाइल, आमच्या मशिनवर, आमच्यासमोर परत काढून दाखवायची. नुसती फोल्डरची नावं बघू नका, ड्रॉइंग उघडून त्यातली मापं वाचा. ब्लू-रे ड्राइव्ह स्वतःचा घ्या. 'आमच्याच ड्राइव्हवर चालते' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

तो मुलगा फोन उचलत नाही. त्याच्या ऑफिसचा मेसेज मात्र आलाय: ऑक्टोबरच्या डिस्कचे ७,६११ रुपये थकले आहेत, सात दिवसांत भरा, नाहीतर सेवा बंद करू.