मांडवीच्या काळ्या वाळूत आठ महिने: माझ्या मेटल डिटेक्टरचा अनुभव

मे महिन्याच्या शेवटी माझ्या मेटल डिटेक्टरच्या कॉइलची (वाळूवरून फिरवायच्या तबकडीची) तार कंट्रोल बॉक्सला (यंत्र चालवणाऱ्या वरच्या डब्याला) जिथे जोडली जाते, तेथील पिना हिरव्या पडल्या आणि यंत्र बंद झाले. कॉइल पाण्यात चालते, पण बॉक्स आणि ही जोडणी नाही. विक्रेत्याने ‘खाऱ्या पाण्याचे नुकसान’ एवढे लिहून वॉरंटी नाकारली. खोक्यावर समुद्रकिनाऱ्याचे चित्र छापून विकलेल्या वस्तूबाबत हे उत्तर मला मान्य नाही. प्रत्येक फेरीनंतर कॉइल गोड्या पाण्याने धुऊन जोडणी कोरड्या फडक्याने पुसावी, ही एक ओळ माहितीपत्रकात असती तरी माझे पैसे वाचले असते.

त्याआधी मात्र माझी खरी तक्रार वेगळी होती. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर ओल्या वाळूत कॉइल नेताच यंत्र अखंड किरकिरत असे आणि खणल्यावर काहीच सापडत नसे. यंत्र सदोष आहे असे समजून मी दोन तक्रारी केल्या, त्या आज मागे घेतो. मिठाचे पाणी मुरलेली वाळू स्वतःच वीजवाहक असते. त्यात इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला या दोन्हींचा मेळ बसवता येत नाही. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली, कोरड्यातून ओल्यात उतरताना प्रत्येक वेळी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे वाळूच्या स्वतःच्या संकेताशी यंत्र जुळवून घेणे, नव्याने केला, आणि लाटेकडे जात-येत राहण्याऐवजी पाण्याच्या कडेला समांतर, म्हणजे सारख्या ओलीतून, कॉइल एकाच उंचीवर ठेवून सावकाश चाललो, तेव्हा किरकिर जवळजवळ थांबली. वस्तू सापडण्याची खोली मात्र वीतभरावरून चार बोटांवर आली. ज्यांना ओल्या वाळूतच शोधायचे आहे, त्यांनी थोडे थांबून, पैसे साठवून मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे, यंत्रच घ्यावे.

फॉइलचे, म्हणजे कचऱ्यातल्या पातळ चकचकीत वेष्टनांचे, संकेत गाळण्याची यंत्रातली सोय मी आता वापरत नाही. फेब्रुवारीत शेजारच्या वहिनींची सोन्याची नाजूक अंगठी भाट्याच्या किनाऱ्यावर पडली, तेव्हा चाळीस मिनिटांनी यंत्र धातू ओळखण्यासाठी जो आकडा दाखवते, त्यात ती नेमकी फॉइलच्या आकड्यावर सापडली. गाळणी चालू असती तर यंत्र तिच्यावरून मुकाट्याने गेले असते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या दिवशी यंत्राची सारी किंमत वसूल झाली असे मला मनापासून वाटले. आपली स्टेनलेस स्टीलची नाणी माझ्या यंत्रावर बहुधा लोखंडाच्या बाजूला दिसतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतील नाण्यांचे आकडे इथे जुळत नाहीत.

वेळ म्हणाल, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरची ओहोटी सर्वांत चांगली, कारण तेव्हा पाणी सर्वाधिक मागे हटते. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि खालचे जड थर उघडे पडतात, म्हणून ती वाळू परत भरण्यापूर्वीचा सप्टेंबर मी राखून ठेवला आहे. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा. जमिनीत दडवलेले जुने धन हाती लागले, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

कॉइल बदलून घेतली आहे. या वेळी जोडणीवर पहिल्या दिवसापासून सिलिकॉन ग्रीस लावून वर रबरी नळीचे आवरण चढवले आहे.